एक तास दहा मिनिटं

९ जानेवारी

प्रिय धाकटीस,

काल तुझा फोन मी मधेच ठेवला, कारण फोनवर आपल्या घरात कोणीच वाक्य पूर्ण करत नाही. तू म्हणालीस, "ताई, मी काहीतरी लिहायला..." आणि मागून बाळ ओरडला की अण्णांचा चष्मा सापडत नाही. पन्नाशीच्या माणसाला अजून बाळ म्हणत राहिल्याचे हे परिणाम. पण धाकट्या भावाला दुसरं काही म्हणायला माझी जीभ वळत नाही.

तर तू लिहायला लागली आहेस असं मी समजते. आनंद झाला आणि थोडं आश्चर्यही वाटलं. बाळशी लग्न होऊन आमच्या घरी आलीस त्याला बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तू मला पाठवलेलं सर्वांत मोठं लिखाण म्हणजे अण्णांच्या गोळ्यांची यादी.

मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्यापासून, म्हणजे चौदा महिने, माझी कादंबरी चालू आहे, हे तुला माहीत आहेच. त्या अनुभवावरून एकच सांगते. वेळ मिळत नाही हे कारण मी ऐकून घेणार नाही. वेळ काढावा लागतो. मी रोज सकाळी नऊला टेबलाशी बसते ती एकपर्यंत उठत नाही. दाराची बेल वाजली तरी नाही.

जे काही लिहिलं असशील ते पोस्टाने पाठव. तपासून परत करीन. आणि यापुढे आपण पत्रानेच बोलू. तेवढाच तुला सराव.

तुझी,
ताई


१७ जानेवारी

ताईंस नमस्कार.

अण्णांचा चष्मा अण्णांच्या डोळ्यांवरच होता.

वेळ काढण्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते पटलं. कुठून काढायचा हे शोधायला एक आठवडा गेला. सकाळी सहा ते साडेसात अण्णांचं अंग पुसणं, कपडे, गोळ्या, नाश्ता. आठ ते साडेचार हॉस्पिटल. पाचपासून पुन्हा अण्णा आणि स्वयंपाक. तुमचा बाळ मदत करतो. म्हणजे कुठली वस्तू सापडत नाही ते तो सांगतो.

शेवटी वेळ सापडला तो कामावरच. माझं काम तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. हॉस्पिटलच्या तळघरात आमचा विभाग आहे. ऑपरेशनच्या कात्र्या, चिमटे, कापडं धुऊन त्यांची पुडकी बांधायची आणि वाफेच्या मोठ्या यंत्रात घालून निर्जंतुक करायची. एक फेरी एक तास दहा मिनिटांची. दार एकदा लागलं की मधे उघडता येत नाही आणि यंत्राला सोडून कुठे जाता येत नाही. समोर बसून दर दहा मिनिटांनी दाब आणि तापमान वहीत टिपायचं, एवढंच. जगात मला कोणी हाक मारू शकत नाही असा हा एकच तास आहे. आधी मी त्यात पट्ट्यांच्या घड्या घालायची.

पहिलं प्रकरण सोबत आहे. एक बाई बहिणीकडे महिनाभर जाते असं घरी सांगून निघते आणि स्वतःच्याच घराच्या बरोब्बर वरची खोली भाड्याने घेते. मग वर बसून खालचं घर ऐकत राहते. सध्या एवढंच घडतं.

आपली,
धाकटी


२८ जानेवारी

प्रिय धाकटीस,

प्रकरण तपासून सोबत परत पाठवते आहे. तपासलेल्या पानांची एक प्रत काढून ठेवली आहे, गहाळ व्हायला नको.

चौदा ठिकाणी पूर्णविराम खोडून स्वल्पविराम घातले आहेत. वाक्यं फार तोकडी आहेत. मुख्य दोष मात्र वेगळाच. ही बाई घर सोडून जाते कशाला, हे कळत नाही. नवरा मारत नाही, पीत नाही. सासरा बिचारा अंथरुणाला खिळलेला. सकाळपासूनची कामं तू दीड पानभर लिहिली आहेस, ती कमी करून तिथे कारण लिही. आणि हे घरात कोणाला दाखवू नकोस. उगीच गैरसमज होतात.

इथल्या वाचनालयात दर गुरुवारी आमचं मंडळ भरतं. आठ-दहा जण आपापलं लिखाण वाचतात. मी अजून काही वाचलेलं नाही. कादंबरी पूर्ण होईपर्यंत वाचू नये या मताची मी आहे.

दुसरं प्रकरण झालं की पाठव. घाई नाही.

ताई


२० फेब्रुवारी

ताईंस नमस्कार.

दोन आणि तीन अशी दोन्ही प्रकरणं पाठवते आहे. वाक्यं तोकडी का, याचं कारण सांगते. दर दहा मिनिटांनी दाब लिहायला उठावं लागतं. उठायच्या आत वाक्य संपवलेलं बरं असतं. लांब वाक्य एकदा लिहून पाहिलं, तर मधे एकशे एकवीस अंश तापमान आलं.

इकडे एक संकट आलं होतं. हॉस्पिटल नवीन यंत्र घेणार असं ठरलं. फेरी पस्तीस मिनिटांत संपते, नोंदी यंत्र स्वतःच करतं आणि तेवढ्या वेळात माणसाने दुसरं यंत्र भरायचं. विभागात सगळे खूश झाले. मी मात्र बसून अधीक्षकांना साडेतीन पानांचा अर्ज लिहिला. जुन्या यंत्राची सवय, दुरुस्तीची सोय, नव्यावर भरवसा ठेवण्यातला धोका, असं सगळं. चौथ्या परिच्छेदाला तर माझंच मला पटलं. अधीक्षकांनी बोलावून सांगितलं की इतकं मुद्देसूद आमच्याकडे कोणी लिहीत नाही. खरेदी पुढच्या वर्षावर गेली.

माझं पहिलं यशस्वी लिखाण हेच म्हणायचं.

धाकटी


१ मार्च

प्रिय धाकटीस,

प्रकरणं गुरुवारी वाचली. म्हणजे गुरुवारी पोचली, आणि वाचली.

या वेळी लाल शाई वापरलेली नाही. तुझी वाक्यं आहेत तशीच राहू दे. मोठ्याने वाचताना दम लागत नाही. सासऱ्याला छतावरची पावलं ओळखू येतात आणि तरी तो कोणाला सांगत नाही, हा भाग चांगला जमलाय. वाचक विचारतील की तो का सांगत नाही. एखादा निवृत्त बस-कंडक्टर असेल, तो तर नक्की विचारील. म्हणून चौथ्यात त्याचा खुलासा हवा.

चौथं प्रकरण बुधवारी पोचेल असं पाठव. गुरुवारी आमच्याकडे टपाल उशिरा येतं.

अर्जाबद्दल अभिनंदन. लिहिणाऱ्या माणसाने आपल्या वेळेचं रक्षण केलंच पाहिजे.

ताई


१४ मार्च

ताईंस नमस्कार.

चौथं प्रकरण सोबत आहे. खुलासा केलेला नाही. तो सांगत नाही, एवढंच मला माहीत आहे.

तुम्ही मोठ्याने वाचता हे कळून बरं वाटलं. घरात एकट्या असता, तेवढाच आवाज होत असेल. तुमच्याही कादंबरीचं एखादं पान पाठवा ना. कशावर आहे तेही तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

अण्णांना आता उठवायला दोन माणसं लागतात. बाकी ठीक.

धाकटी


२७ मार्च

प्रिय धाकटीस,

पाचव्या प्रकरणाचं काय झालं? हा गुरुवार कोरडा गेला. माझी कादंबरी दाखवण्याच्या अवस्थेत नाही. इकडे सगळे जण, म्हणजे मी, वाट बघते आहे.

ताई


८ एप्रिल

प्रिय धाकटीस,

तुझं पत्र नाही. अण्णा बरे आहेत ना? बाळला फोन केला, तर तो म्हणाला सगळं ठीक आहे. म्हणजे त्याला काही माहीत नाही. प्रकरण नसलं तरी चालेल, पण ती खाली उतरते की नाही तेवढं एका ओळीत कळव.

ताई


१९ एप्रिल

ताईंस नमस्कार.

अण्णा बरे आहेत. पाचवं प्रकरण नाही आणि होणारही नाही. का ते सांगते.

आमच्या यंत्राची दर सोमवारी परीक्षा असते. मरायला सगळ्यांत कठीण असे जंतू एका छोट्या कुपीत भरलेले असतात. ती कुपी पुडक्यांबरोबर यंत्रात घालायची आणि मग दोन दिवस उबेत ठेवायची. जांभळी राहिली तर जंतू मेले. पिवळी झाली तर जिवंत आहेत, म्हणजे त्या यंत्रातून निघालेल्या कशाचाच भरवसा नाही. अकरा वर्षांत मी पिवळी कुपी पाहिली नव्हती.

२५ मार्चला, बुधवारी, कुपी काढली. जांभळी नव्हती. पण धड पिवळीही म्हणवत नव्हती. मेट्रनबाईंना दाखवली. त्यांनी ती दिव्याखाली धरली, चष्मा लावून बघितली, काढून बघितली.

"मला तर जांभळीच वाटते," त्या म्हणाल्या. "आज सात ऑपरेशनं लागली आहेत. तुला काय वाटतं?"

मलाही ती जांभळी वाटावी असं फार वाटत होतं. पिवळी म्हटलं की यंत्र गेलं, आणि त्याबरोबर माझा एक तास दहा मिनिटं. वहीवर पेन टेकवून उभी राहिले. नंतर बघितलं तर त्या जागी शाईचा मोठा ठिपका पडला होता. ठिपक्यापुढे मी "पिवळी" लिहिलं. मोठ्या अक्षरात, नंतर मलाच वेगळं वाचता येऊ नये म्हणून.

सातही ऑपरेशनं पुढे ढकलली. यंत्र उघडलं तर दाराची रबरी पट्टी आतून फाटलेली. अर्जात मी लिहिलं होतं की या यंत्राचं दार आजही पहिल्या दिवसासारखं घट्ट लागतं. वाक्य छान होतं. दार मी तपासलं नव्हतं.

मागच्या सोमवारपासूनची सगळी पुडकी परत मागवली. जी आली नाहीत ती अकरा रोग्यांवर वापरून झाली होती. तीन आठवडे मी रोज त्या अकरा जणांची यादी घेऊन हॉस्पिटलभर फिरत होते. घरी गेलेल्यांना फोन करत होते. एका सुताराला चौथ्या दिवशी ताप आला. दोन दिवसांत त्याच्या खाटेपाशी इतक्या वेळा गेले की त्याच्या बायकोने विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?" मी खाटेला अडकवलेला तापाचा तक्ता पुन्हा वाचायला घेतला. ताप घशाचा निघाला. काल यादीतला शेवटचा माणूस सुटला. अकराही जण धडधाकट आहेत.

मेट्रनबाईंनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, कुपी खरी लिहिली म्हणून. अर्जाची आठवण कोणालाच नाही. नवं यंत्र तातडीने आलं आहे. पस्तीस मिनिटांचं.

पण लिहीत नाही ते वेळ गेला म्हणून नाही. मला वेळ हवा होता, म्हणून मी खोटं पटवून दिलं, आणि ते पटलं. आता पेन हातात धरला की सुताराची बायको दिसते.

धाकटी


४ मे

प्रिय धाकटीस,

तुझं पत्र तीनदा वाचलं.

आधी तुझ्याबद्दल बोलते. अर्ज तू चुकीचा लिहिलास, वही बरोबर लिहिलीस. दोन्हीकडे अक्षर तुझंच. माझ्या शाळेत अशा मुलीला मी खोलीत बोलावून चांगली समज दिली असती आणि वर्गात परत पाठवलं असतं. शाळेतून काढलं नसतं. तेव्हा वर्गात परत जा.

आता माझ्याबद्दल. माझी कादंबरी नाही. कधीच नव्हती. नऊ ते एक मी टेबलाशी बसते हे खरं आहे, पण नुसती बसते. सतरा-अठरा महिन्यांत पहिलं वाक्य एकवीस वेळा लिहिलं आहे. दुसऱ्या वाक्याची वेळ आलेली नाही.

फेब्रुवारीत एका गुरुवारी मंडळातल्या लोकांनी फारच आग्रह केला, बाई, तुम्ही कधी वाचणार? पिशवीत तुझ्या पहिल्या प्रकरणाची प्रत होती. ती वाचली. कोणाची आहे ते शेवटी सांगणार होते. पण टाळ्या वाजल्या. त्याआधी माझ्यासाठी टाळ्या वाजल्या होत्या त्या शाळेच्या निरोपसमारंभात, आणि त्या वाजवायला मुलांना मीच शिकवलं होतं. मी सांगितलं नाही. त्या गुरुवारीही नाही आणि पुढच्या तीन गुरुवारीही नाही.

मग तुझं पाचवं येईना. लोक रस्त्यात थांबवून विचारायला लागले. म्हणून एप्रिलच्या शेवटी ते मीच लिहिलं. दोन दिवसांत नऊ पानं. ती बाई खाली उतरते, सासऱ्याची माफी मागते आणि सगळ्यांना जेवायला वाढते. आमच्याकडे एक निवृत्त बस-कंडक्टर आहेत, ते फक्त ऐकायला येतात. वाचून झाल्यावर ते उठून म्हणाले, "बाई, राग मानू नका. पण हे तुम्ही लिहिलेलं वाटत नाही."

मी म्हणाले, "एवढंच मी लिहिलंय."

मग उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कंडक्टरांनी विचारलं, मूळ लेखिका करतात काय? मी म्हटलं, हॉस्पिटलात असते आणि घरी माझ्या वडिलांचं करते. "तुमच्या वडिलांचं?" ते म्हणाले. त्या माणसाने जन्मभर लोकांची तिकिटं तपासली आहेत.

घरी येऊन तुझं पहिलं प्रकरण परत काढलं. ही बाई घर सोडून जाते कशाला, असं मी लाल शाईत विचारलं आहे, ते त्या दीड पानाच्या शेजारीच. उत्तराच्या अंगावर मी स्वल्पविराम घालत बसले होते.

अण्णांना मी इकडे आणते आहे. सहा महिन्यांसाठी, आणि मग पुढचं बघू. येत्या शनिवारी नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी गाडी घेऊन येते. बाळला तू काही सांगू नकोस. त्याला वेगळं पत्र टाकलं आहे.

रागावलीस तर तसं लिही.

ताई


१२ मे

ताईंस नमस्कार.

रागावले. दोन दिवस तुमचं पत्र पिठाच्या डब्यावर उलटं ठेवलं होतं.

नऊ ते एक टेबलाशी बसते असं तुम्ही लिहायचात, तेव्हा तुमच्या वडिलांचं धुणंपुसणं उरकून मी कामावर पोचलेली असायची. बावीस वर्षांत हे कधी बोलले नाही. पत्रात लिहिणं सोपं जातं, म्हणून आता लिहिते.

टाळ्यांचं मला काही नाही, त्या तुम्ही ठेवा. पण तुम्ही तिला खाली उतरवलंत? मला न विचारता? आणि वर जेवायला वाढायला लावलंत? येत्या गुरुवारी मंडळात सांगा की ते प्रकरण रद्द आहे. ती वरच आहे. ती कधी उतरेल ते मी सांगेन.

परवा अधीक्षकांकडे गेले आणि अर्ज खरा कशासाठी लिहिला होता ते सांगून टाकलं. ते म्हणाले, लेखी द्या. दिलं, अर्ध्या पानात. ते वाचून विचारलं, "तुम्ही कथा लिहिता?" मी हो म्हटलं. सेवापुस्तकात ताकीद लिहिली, आणि मग म्हणाले की हॉस्पिटलचा वार्षिक अहवाल लिहायला माणूस मिळत नाहीये. मी नाही म्हटलं. मला वेळ नाही.

अण्णांच्या गोळ्यांची यादी सोबत आहे. पांढरी गोळी ते जिभेखाली लपवतात, गिळेपर्यंत समोर उभं राहायचं. आंघोळीचं पाणी गार आहे असं रोज म्हणतात, ते गार नसतं. उठवताना बगलेत हात घालायचा, मनगटाला ओढायचं नाही. दुपारी चिडतात, त्यांना भूक लागलेली असते.

अण्णा तिकडे आले की रविवारी सकाळचे तीन तास माझे, असं तुमच्या बाळला सांगितलं आहे. त्याने विचारलं, तीन तास काय करणार? मी म्हटलं, दार लावून बसणार. तो म्हणाला, आणि काही सापडलं नाही तर? मी म्हटलं, तर सापडणार नाही.

कंडक्टर चौथ्या प्रकरणाबद्दल काय म्हणाले होते? एकही शब्द न बदलता लिहा.

धाकटी


१६ जून

प्रिय धाकटीस,

उत्तराला उशीर झाला. वेळ मिळाला नाही. हे वाक्य मी माझ्याच हाताने लिहिलेलं आहे, जपून ठेव.

चौथ्या प्रकरणानंतर कंडक्टर म्हणाले होते, "म्हाताऱ्याला कळलंय की बाई दमली आहे. म्हणून तो गप्प आहे." तेव्हा मी मान डोलावली होती, जणू मलाच ते सुचलं होतं.

तुझं नवं पाचवं मागच्या गुरुवारी वाचलं. आधी तुझं नाव सांगितलं, मग वाचलं. अण्णांजवळ शेजारच्या बाईंना दोन तास बसवून गेले होते. वाचून झाल्यावर कंडक्टर म्हणाले, "आता बरोबर." ती अजून वरच आहे याचा मंडळाला आनंद झाला. लेखिकेला एकदा बोलवा असा ठराव झाला आहे.

अण्णा बरे आहेत. पांढरी गोळी मला दोनदा उशीखाली सापडली. नऊला मी त्यांना नाश्ता देते, साडेनऊला तो नको म्हणून दुसरा करते, दहाला पहिलाच हवा होता असं ते सांगतात. त्यांना काही लागलं की ते "धाकटे" अशी हाक मारतात. पहिले चार दिवस मी त्यांना दुरुस्त करत होते. आता ओ देते.

काल सकाळी अकरा ते सव्वाअकरा त्यांचा डोळा लागला. खाटेच्या कडेवर बसून, गुडघ्यावर कागद ठेवून चार ओळी लिहिल्या. सलग. वाचून पाहिल्या तर बऱ्या वाटल्या, म्हणून शंका आली. तुझी पाचही प्रकरणं काढून ओळीन् ओळ ताडून पाहिली.

तुझ्या नाहीत.

तुझी,
ताई